वकिलाच्या घरातलं कमी शिकलेलं माणूस

वकिलाच्या घरात एक तरी कमी शिकलेलं माणूस असणं न्यायदानाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. आमच्या घरात ते माणूस मी आहे. चार इयत्ता पूर्ण आणि पाचवीची पहिली सहामाही, एवढं माझं शिक्षण. पुढे शिकले नाही, कारण त्याच सहामाहीत धाकटी बहीण जन्माला आली आणि तिला सांभाळायला घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं. (ती पुढे पदवीधर झाली. तिला काही विचारलं की "बघून सांगते" म्हणते. त्यामुळे तिचा न्यायदानाला काडीचा उपयोग झाला नाही.)

माझा थोरला वकील आहे. त्याच्या कारकिर्दीचे दोन भाग पडतात. पहिली सोळा वर्षं तो सरकारी वकील होता आणि गुन्हेगारांना शिक्षा मिळवून देत होता. त्यानंतर आजतागायत तो कंपन्यांचे दावे लढतो. दोन्ही भागांत हुशारी तीच, आवाज तोच, काळा झगासुद्धा तोच, फक्त अस्तर बदललेलं. मूलभूत बदल झाला तो माझ्या कामात. त्याची नोंद कुठेही नाही. त्याच्या सत्कारात लोक माझा उल्लेख "आणि घरच्यांची साथ" अशा तीन शब्दांत उरकतात आणि हार पुढे करतात.

पहिल्या भागातली पद्धत अशी होती. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी वकील स्वयंपाकघरात येई. मी टेबलाशी मटार सोलत बसलेली. तो फ्रीजसमोर उभा राही. फ्रीज म्हणजे आरोपी. भिंतीवरचं घड्याळ म्हणजे न्यायाधीश, कारण ते कोणाकडे बघत नाही. मी म्हणजे मी. तो सगळी हकीकत सांगे आणि शेवटी विचारी, "आई, कळलं?"

मी "कळलं" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी तेच कोर्टात. "नाही" म्हटलं, की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं म्हणणं असं, की न्यायाधीश पुष्कळ शिकलेला असतो, पण दुपारच्या जेवणानंतर तो आईइतकाच शिकलेला उरतो.

एकदा तो सांगत होता, "इसम क्रमांक दोन याने इसम क्रमांक एक याच्यावर मागील बाजूने..."

मी म्हटलं, "थांब. यातला चष्मेवाला कोणता?"

"आई, चष्म्याचा काय संबंध?"

"मला दोन इसम लक्षात राहत नाहीत रे. एक चष्मेवाला आणि एक बिनचष्म्याचा, असं सांग."

तो कागद चाळायला लागला. मेलेल्या माणसाला चष्मा होता. तो चष्मा प्रेताजवळ सापडला नव्हता, तो सापडला होता आरोपीच्या मेव्हण्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि सहा महिने पोलिसांपासून वकिलापर्यंत कोणालाही त्याचं काही वाटलं नव्हतं. जन्मठेप झाली. वर्तमानपत्रात वकिलाच्या "तीक्ष्ण कायदेशीर दृष्टीचं" कौतुक आलं. मी ते कात्रण मटाराच्या सालींखाली अंथरलं, कारण त्या दिवशी दुसरा कागद नव्हता.

सोळा वर्षांत एकूण दोनशे बारा खटले माझ्यापुढे तपासले गेले. एकशे एकाहत्तरांत शिक्षा झाली. बावीस खटल्यांत साक्षीदार फिरले, त्याला मी काय करणार. उरलेल्या एकोणिसांत मी "कळलं नाही" म्हटलं होतं, पण वकील घाईत होता, तसाच गेला. एकोणीसच्या एकोणीस आरोपी सुटले. आमच्या त्या जुन्या फ्रीजवर अकरा खुनांचे आरोप झाले आणि नऊमध्ये तो दोषी ठरला. (नंतर त्याचं दार नीट लागेना. सूनबाईचं म्हणणं, रबर गेलं. मला वेगळा संशय आहे.)

सरकारने या सेवेची योग्य ती कदर केली. सोळाव्या वर्षी वकिलाला नवी खुर्ची मंजूर झाली, आणि जुनी परत केल्याची पावती जोडल्याशिवाय नवी मिळणार नाही असं कळवण्यात आलं. जुनी तिसऱ्याच वर्षी मोडून कोणीतरी नेली होती. मग तो व्यापारी दावे लढवणाऱ्या एका मोठ्या पेढीत गेला.

ती पेढी मी पाहून आले. काचेची इमारत, बोलणारी लिफ्ट, चालताना पाऊल वाजणार नाही असा गालिचा. तिथे सगळे इतके हळू बोलतात, की मला वाटलं आत कोणी आजारी आहे. व्यापारी दाव्यांची मोठी सोय अशी, की त्यात कोणी कोणाला मारत नाही. एक कंपनी दुसऱ्या कंपनीवर दावा लावते, दोघी जगतात आणि दोघींचे वकीलही जगतात.

पहिलाच दावा डब्यांच्या झाकणाचा होता. वकील सवयीप्रमाणे फ्रीजसमोर उभा राहिला (फ्रीज नवा, अजून कुठलाही आरोप नसलेला) आणि पाऊण तास बोलला. शेवटी म्हणाला, "आई, कळलं?"

"कळलं. त्यांनी यांचं झाकण चोरलं."

त्याचा चेहरा पडला. चोरणारे त्याचे अशील होते.

दुसऱ्या दिवशी त्याने हे पेढीच्या मोठ्या साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं. मोठे साहेब सत्तरीचे, केस रंगवलेले, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्या मातोश्रींना समजलं?"

"हो."

"मग न्यायाधीशांनाही समजेल. अशिलाचा घात होईल. पुन्हा लिहा."

तेव्हापासून माझं काम उलटं झालं. आधी मसुदा पक्का व्हायचा तो मला समजला की. आता पक्का व्हायला लागला तो मला समजला नाही की. पेढीने यासाठी रीतसर परिपत्रक काढलं. ते आमच्याकडे फाईलमामा घेऊन आले. फाईलमामा म्हणजे पेढीचे जुने कारकून. त्यांनी उभ्या आयुष्यात हातात फाईल नसताना कोणाला नमस्कार केलेला नाही. परिपत्रकातली मुख्य कलमं अशी:

एक, मसुदा मातोश्रींना मोठ्याने व संथपणे वाचून दाखवावा.

दोन, मातोश्रींनी "म्हणजे काय रे?" असे विचारल्यास मसुदा योग्य दिशेने आहे असे समजावे. "म्हणजे असंच ना?" असे विचारल्यास मसुदा तात्काळ मागे घ्यावा.

तीन, मातोश्रींना जांभई आल्यास वेळेची नोंद करावी.

चार, मातोश्रींना झोप लागल्यास मसुदा उत्कृष्ट मानावा. घोरल्यास ज्येष्ठ भागीदारांना कळवावे.

खाली तक्ता होता: "समजले" आणि "समजले नाही". फाईलमामा खूण करून माझी सही घेत. (गुप्ततेचा प्रश्न एका भागीदाराने काढला होता. ज्याला समजतच नाही त्याच्यापासून गुप्त काय ठेवायचं, असा निर्णय झाला.)

झाकणाचा मसुदा चौथ्या वेळी मला समजला नाही. त्या दाव्याला आता नऊ वर्षं झाली. दोन्ही कंपन्यांनी डबे करणं कधीच सोडलं, पण दावा चांगला चालला आहे, मध्येच थांबवणं बरं दिसणार नाही. नऊ वर्षांत मी एकूण चौसष्ट मसुदे "समजले नाही" म्हणून पक्के केले. त्यात खोटं काही नव्हतं. खरंच समजत नसे. वकिलाची प्रगती बघून मला अभिमान वाटे. ज्या पोराने पहिलं वाक्य "आई, भूक" असं म्हटलं होतं, तो आता एका वाक्यात दोन पानं संपवत होता आणि त्यात भूक कुणाची ते कळत नव्हतं.

मग इस्त्रीचा दावा आला.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिलाईवाली बसते. खोली एवढीशी, पाय मशीनवर आणि पाठ भिंतीला. पडदे, चादरी, विजारींच्या खालच्या दुमड्या, सगळं करते. तिच्या भावाचा खून झाला तेव्हा आमच्या वकिलाने खुन्याला आत पाठवलं होतं. तो एकशे एकाहत्तरांतला एक. तेव्हापासून ती आमचं काम आधी करते, बाकीच्यांचं मग.

तिने नवी इस्त्री घेतली. तिसऱ्या महिन्यात, तापलेली इस्त्री उचलताना मूठ हातात राहिली आणि खालचा तवा सुटून उजव्या हातावर पडला. आता त्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. बोटं न मिटता सुई धरता येत नाही. तिने इस्त्रीच्या कंपनीवर दावा लावला. दुसऱ्या वर्षी तिचा वकील दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि जाताना कागदांची पिशवी तिच्या मशीनवर ठेवून गेला.

इस्त्रीची कंपनी आमच्या वकिलाची अशील.

मी विचारलं, "अरे, ही आपली शिलाईवाली."

तो म्हणाला, "आई, व्यवसायात आपलं कोणी नसतं."

"अस्सं. मग 'आपली पेढी, आपली पेढी' काय करतोस दिवसभर?"

सूनबाईने मला बाजूला घेतलं. "आई, हा दावा मिटला की हे भागीदार होणार. काचेच्या दारावर आडनाव लागणार. पाटी करायलाही टाकलीये. तुम्ही आता नेहमीसारखं करा हं. जास्त खोलात शिरू नका."

आडनाव म्हणजे माझ्या नवऱ्याचं. तो बिचारा आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवत गेला. पितळेची सोडा, पत्र्याची पाटीही त्याच्या नावाची झाली नाही. मी मटार घेऊन टेबलाशी बसले.

कागद होता तडजोडीचा. शिलाईवालीने त्यावर सही केली, की दावा संपणार. फाईलमामा पेन काढून तयार. वकिलाने वाचायला सुरुवात केली. "सदर उपकरणाच्या जोडणी-बिंदूंचे सुसूत्रीकरण करण्यात आल्यानंतर..."

मी म्हटलं, "म्हणजे स्क्रू कमी केले."

वकील थांबला. फाईलमामांनी खूण केली: समजले.

दोन दिवसांनी नवा मसुदा. "बंधन-घटकांची इष्टतम पुनर्रचना..."

"आधी किती होते?"

"चार," तो बोलून गेला.

"आणि आता दोन. म्हणून मूठ सुटली. पुढे वाच."

"वापरकर्त्याच्या उजव्या अग्रांगाच्या आकुंचनक्षमतेत काही अंशी बदल संभवला असल्यास..."

"तिची बोटं मिटत नाहीत. आणि 'असल्यास' काय रे? मी काल बघितली ना बोटं!"

फाईलमामांनी खूण करून पेनाचं टोपण लावलं.

सात मसुदे झाले. सातही मला लख्ख समजले. दोष वकिलाच्या भाषेचा नव्हता, ती उत्तरोत्तर चढतच होती. पाचव्या मसुद्यात तर "हात" हा शब्दच नव्हता आणि सहाव्यात बाईसुद्धा नव्हती. पण मला रोज जिन्यात ती दिसे, आणि कागदात जिथे जिथे ती नव्हती तिथे मला बरोबर कळे, की ही जागा तिची आहे.

पेढीत काळजी पसरली. मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, "मातोश्रींची तब्येत बरी आहे ना? इतकं समजणं या वयात चांगलं नाही."

आठवा मसुदा मंगळवारी आला. वकील फ्रीजसमोर उभा राहिला. एकोणपन्नास वर्षांचा माझा मुलगा, कानशिलं पांढरी, डोळ्यांखाली काळं. त्याने सगळं वाचलं. कंपनी एक नवी इस्त्री देणार आणि दुकानाचं चार महिन्यांचं भाडं भरणार. त्या बदल्यात बाई कबूल करणार, की इजा तिने इस्त्री चुकीची धरल्यामुळे झाली, आणि यापुढे तिचं, तिच्या वारसांचं कंपनीकडे कधीही काही मागणं राहणार नाही. एकूण नऊ पानं. वाक्यं चार.

वाचून झाल्यावर त्याने "आई, कळलं?" असं विचारलंच नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करताना बघायचा, तसा. दारात सूनबाई पदराचा बोळा करून उभी.

मी म्हटलं, "नाही कळलं."

"काहीच?"

"काडीचंही नाही."

फाईलमामांनी खूण केली: समजले नाही. मी सही केली. सूनबाईने मला न मागता चहा दिला, वर वाटीभर बदाम. वकील माझ्या पाया पडला. एकशे एकाहत्तर शिक्षांच्या वेळी तो एकदाही पाया पडला नव्हता. त्यावरून या कामाचं महत्त्व लक्षात यावं.

गुरुवारी शिलाईवाली वर आली. कागद तिने डाव्या हातात धरला होता. शुक्रवारी दुपारपर्यंत सही करायची होती.

"काकू, जरा बसू का?"

"बस ना गं."

"हे साहेबांनी लिहिलंय ना? मी तीनदा वाचलं. शेजारच्या किल्लीवाल्याला दाखवलं. त्यालाही अर्थ लागेना."

मी चष्मा शोधायला लागले. तो माझ्या डोळ्यांवरच होता.

ती म्हणाली, "मला एक कळत नाही काकू. भावाच्या खटल्याला मी शेवटच्या बाकावर बसायचे. साहेब बोलायचे ते मला शब्दन् शब्द समजायचं. मी आठवी नापास, तरी समजायचं. मग आता का नाही समजत? माझंच डोकं कामातून गेलं का?"

"छे गं. डोकं कुठे जातंय."

"तुम्ही एकदा बघा ना. तुम्ही सांगाल तसं करीन. सही करू की नको?"

मी कागद घेतला. पहिल्या पानावर दोन स्क्रू होते. चौथ्यावर तिची तीन बोटं. सातव्यावर तिची लेक होती, "वारस" म्हणून. नवव्या पानावर रिकामी ओळ. सगळं जिथल्या तिथे होतं. स्वयंपाकघरात सूनबाईचा भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"मलाही नाही समजत गं यातलं," मी म्हटलं. "चार बुकं शिकलेली बाई मी."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुम्हालाही नाही? मग ठीक आहे. मला वाटलं मीच तेवढी." मग म्हणाली, "साहेबांनी लिहिलंय म्हणजे वाईट थोडंच असणार."

तिने तिथेच, आमच्या टेबलावर, डाव्या हाताने सही केली. दुसऱ्या दिवशी पेढीने ती परत पाठवली: सही आधीच्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही. मग फाईलमामा खाली जाऊन तिच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेऊन आले. अंगठा शाबूत होता. ही गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवण्यात आली.

पुढच्या सोमवारी काचेच्या दारावर आडनाव लागलं. अक्षरं पितळेची आहेत, लांबून वाचता येतात. शिलाईवालीकडे नवी इस्त्री आली. ती अजून खोक्यात आहे, कारण तिला उचलायला दोन हात लागतात. पडदे मी आता दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे शिवायला देते. तिथली बाई सुती पडदे तिरके कापते, पण मला काही विचारत नाही.

माझी सेवा पेढीने त्या आठवड्यात संपुष्टात आणली. कारण असं देण्यात आलं, की मातोश्रींना अलीकडे मसुदा वाचण्याआधीच समजतो, सबब त्यांच्या "समजले नाही" या शेऱ्याला आता किंमत राहिलेली नाही. निर्णय योग्य आहे. माझी तक्रार नाही.

जागा मात्र रिकामी आहे आणि ती भरायची आहे. कमी शिकलेलं माणूस ठेवण्यात धोका असतो, ते कधी समजून बसेल सांगता येत नाही, हे पेढीला माझ्यावरून कळलं. म्हणून या वेळी शिकलेला उमेदवार हवा आहे. वाचनाची आवड असावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संबंध चांगले असावेत. एखाद्या माणसाचं नुकसान होत असताना ते अगदी शेवटच्या पानापर्यंत, मध्येमध्ये हसत, शांतपणे वाचत बसण्याची सवय असावी. आणि कोणी कागद पुढे करून "सही करू का?" असं विचारलं, तर "आपल्याला बुवा यातलं काही समजत नाही" असं सहज म्हणता यावं.

मी मोठ्या साहेबांना विचारलं, इतक्या गुणांचं माणूस मिळणार कुठे? ते म्हणाले, त्याची चिंता नको, अर्जांचा ढीग पडेल.

तुम्हाला हे सगळं कोणाबद्दल चाललं होतं ते समजलं का?

नाही ना? मग सोमवारी सकाळी दहाला या. अर्ज लागत नाही.